भागीचे घोडे जगवायचे कसे? सामायिक मालकीच्या फवारणी ड्रोनचा जमाखर्च

प्रस्तावना

'भागीचे घोडे किवणाने मेले' ही म्हण आपल्याकडे शेकडो वर्षे वापरात आहे. घोडा पाच जणांचा असला की त्यावर बसायला पाचही जण येतात. मात्र त्याच्या पाठीवरची जखम धुवायला कोणीच येत नाही. अखेर ती चिघळून घोडा मरतो. गेल्या काही हंगामांत शेतकरी गट, बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या फवारणीचे ड्रोन सामायिक मालकीने घेऊ लागल्या आहेत, आणि या म्हणीची आठवण वारंवार होत आहे. फरक इतकाच की हे घोडे हवेत उडते आणि त्याच्या पाठीवर कीटकनाशकाची टाकी असते.

ड्रोनविषयी कीटकशास्त्रज्ञाने लिहावे यात नवल वाटण्याचे कारण नाही. बेंगळुरूत काम करीत असताना सीमाभागातून, सोलापूर-सांगलीकडून आणि मराठवाड्यातून जे प्रश्न विचारले जातात, त्यांत अलीकडे 'कोणते औषध मारू?' याच्या बरोबरीने 'आम्ही पंचवीस जण मिळून ड्रोन घ्यावा का?' हा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर केवळ बँकेच्या कागदावर मिळत नाही. ते किडीच्या जीवनक्रमातही शोधावे लागते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा एकत्र विचार केला आहे.

पूर्वपीठिका

शेतीसाठी विमान ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली, तीही म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत. पुढे भारत सरकार भागधारक झाले. याच कारखान्याच्या पुढच्या पिढीने, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, 'बसंत' नावाचे खास शेतीफवारणीचे विमान तयार केले. त्याच्या सुधारित आवृत्तीचे पहिले उड्डाण १९७२ मध्ये झाले. मात्र चाळिसाच्या आसपास विमाने तयार होऊन हे काम थांबले. आपल्या लहान, तुकड्यातुकड्यांच्या जमिनींवर इतके मोठे विमान परवडणे आणि अचूक चालवणे, दोन्ही कठीण होते.

हवाई फवारणीची दुसरी आठवण दुःखद आहे. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील काजूच्या बागांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फानची फवारणी होत राहिली. बागांच्या आसपास वस्ती होती, ओढे होते, विहिरी होत्या. तेथील लोकांच्या आरोग्याचा प्रश्न देशभर गाजला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. वरून पडणारा फवारा बांध ओळखत नाही, हा त्यातला धडा आहे.

तिसरी आठवण महाराष्ट्रातली आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. डोक्याएवढ्या उंचीच्या, दाट पिकात पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या अंगावर औषध किती येते, हे त्या वेळी सर्वांना उमगले. ड्रोनचा सर्वांत मोठा लाभ येथे आहे. फवारणी करणारा माणूस पिकाबाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहतो. मजुरी वाचणे, पाणी वाचणे हे लाभ त्यानंतरचे.

म्हणून ड्रोन नको, असे म्हणता येत नाही. आणि ड्रोन आला म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असेही नाही.

कायद्याच्या नजरेत मालक कोण?

ड्रोन हे कायद्याच्या भाषेत मानवरहित विमान आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार वजनाप्रमाणे त्याचे वर्ग पडतात. दहा लिटर टाकीचे बहुतेक फवारणी ड्रोन २ ते २५ किलो या 'लहान' वर्गात बसतात. अशा ड्रोनच्या प्रारूपाला प्रमाणपत्र असावे लागते, प्रत्येक ड्रोनची नोंदणी होऊन त्याला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो आणि उडवणाऱ्याकडे मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून मिळालेले पायलट प्रमाणपत्र असावे लागते. हे प्रमाणपत्र दहा वर्षांसाठी असते. त्यासाठी दहावी उत्तीर्ण आणि वय १८ ते ६५ अशी अट आहे. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा बंधनकारक आहे. नियमभंगाबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जमिनीपासून थोड्या उंचीवरही ड्रोन उडवता येत नाही. बेंगळुरूच्या उत्तर भागात तर एकाहून अधिक विमानतळ आहेत. पण पुणे, कोल्हापूर, नांदेड, बेळगाव या शहरांजवळच्या गावांनीही नकाशा आधी पाहावा.

सामायिक मालकीच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा मुद्दा असा की नोंदणीत 'गावातले आम्ही पंचवीस जण' असा मालक पुरेसा नाही. तोंडी भागीदारीत ड्रोन कुणा एकाच्या नावावर लागतो. मग अपघात झाला तर जबाबदारी त्या एकाची आणि वाद झाला तर ड्रोनही त्या एकाचा. म्हणून शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था किंवा नोंदणीकृत गट यांच्या नावावरच खरेदी व्हावी. अनुदानाच्या दृष्टीनेही हेच सोयीचे आहे. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सहकारी संस्था, उत्पादक कंपन्या व ग्रामीण उद्योजकांच्या अवजारे भाडे केंद्रांसाठी किमतीच्या ४० टक्के, कमाल चार लाख रुपये, तर कृषी पदवीधरांच्या केंद्रांसाठी ५० टक्के, कमाल पाच लाख रुपये साहाय्याची तरतूद करण्यात आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत महिला बचत गटांसाठी ८० टक्के, कमाल आठ लाख रुपये साहाय्य ठेवण्यात आले. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे चालू नियम तालुका कृषी कार्यालयात पाहून घ्यावेत.

एक गणित

खाली दिलेले आकडे उदाहरणासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्येक गटाने आपल्या भागातले दर घालून हे गणित पुन्हा मांडावे. रीत मात्र हीच राहील. येथे 'एकर-फवारणी' म्हणजे एक एकर क्षेत्र एकदा फवारणे.

समजा, ड्रोन व साहित्याची किंमत ६ लाख रुपये आणि बॅटरीचे चार संच प्रत्येकी ५० हजारांप्रमाणे २ लाख, असे एकूण ८ लाख रुपये गुंतवले. ड्रोन पाच वर्षे चालेल आणि शेवटी एक लाखाला विकला जाईल.

वार्षिक स्थिर खर्च, म्हणजे ड्रोन उडो वा न उडो, होणारा खर्च:
- घसारा: १,००,००० रुपये
- भांडवलावरील व्याज (सरासरी साडेचार लाखांवर १० टक्के): ४५,००० रुपये
- विमा आणि वार्षिक देखभाल करार: ४५,००० रुपये
- जागा, वह्या, किरकोळ: १०,००० रुपये
- एकूण: २,००,००० रुपये

बदलता खर्च, प्रति एकर-फवारणी:
- बॅटरीची झीज (एक संच ३०० वेळा भारित होतो आणि एका भारात एक एकर होते असे धरून): सुमारे १७० रुपये
- वीज वा जनरेटर: ३० रुपये
- पायलट व मदतनीस: १३० रुपये
- वाहतूक: ५० रुपये
- नोझल, पंखे, किरकोळ दुरुस्ती: २० रुपये
- एकूण: ४०० रुपये

दहा एकरांच्या एकट्या शेतकऱ्याने वर्षात चार फवारण्या केल्या तर ४० एकर-फवारण्या होतात. दोन लाखांचा स्थिर खर्च त्यांवर वाटला की एकरी ५,००० आणि वरचे ४०० मिळून ५,४०० रुपये पडतात. हे कोणालाही परवडणारे नाही. वर्षाला ५०० एकर-फवारण्या झाल्या तर खर्च ८०० रुपयांवर येतो, १,००० झाल्या तर ६०० वर आणि २,००० झाल्या तर ५०० वर. गावात भाड्याचा ड्रोन ६०० रुपये एकराने मिळत असेल, तर आपल्या मालकीचा ड्रोन तोट्यात न जाण्यासाठी वर्षाला किमान १,००० एकर-फवारण्या झाल्या पाहिजेत. दहा एकरांचे पंचवीस सभासद आणि चार फवारण्या, म्हणजे नेमक्या तितक्याच.

बहुतेक प्रकल्प अहवाल येथे थांबतात. परंतु खरी अडचण येथून पुढे आहे.

किडीचे वेळापत्रक

किडीला आपला प्रकल्प अहवाल ठाऊक नसतो. मक्यावरील लष्करी अळीचे उदाहरण घ्यावे. ही कीड भारतात प्रथम २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तिच्या पहिल्या दोन-तीन अवस्थांतील अळ्या लहान असतात, पानांचा पृष्ठभाग खरवडून खातात आणि औषधाला बळी पडतात. त्यापुढे अळी पोंग्यात शिरते, स्वतःच्या विष्ठेच्या भुशाने तोंड बंद करून घेते आणि पिकाचे बहुतांश नुकसान याच शेवटच्या अवस्थांत करते. म्हणजे उपयुक्त फवारणीचा काळ थोड्या दिवसांचा असतो. तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीचेही तेच. फुलोऱ्यात अंडी आणि लहान अळ्या दिसतात तेव्हाची फवारणी आणि अळी शेंगेत शिरल्यावरची फवारणी यांत खर्च सारखाच असतो, परिणाम मात्र सारखा नसतो.

ही खिडकी आपण पाच दिवसांची धरू. ड्रोन कागदावर कितीही एकर करो, सकाळचे आणि सायंकाळचे शांत वाऱ्याचे तासच फवारणीला योग्य असतात. दिवसाला २० एकर धरले आणि पाचांपैकी एक दिवस पाऊस वा वाऱ्यात गेला, तर एका खिडकीत ८० एकर होतात.

आता पंचवीस सभासदांचे २५० एकर सोयाबीनच असेल तर? एका फेरीला साडेबारा दिवस लागतील. पहिल्या ८० एकरांना औषध वेळेवर मिळेल. उरलेल्या १७० एकरांवरील अळ्या तोपर्यंत मोठ्या झालेल्या असतील. वर्गणी सर्वांनी सारखी भरली, पण ड्रोनचा लाभ तिघांपैकी एकालाच मिळाला. गट फुटतात ते बहुधा पैशावरून नव्हे, या साडेबारा दिवसांवरून.

उलट, एका खिडकीत मावतील इतकेच, म्हणजे ८० एकरांचेच सभासद घेतले तर सर्वांना ड्रोन वेळेवर मिळेल. पण वर्षाला ३२० एकर-फवारण्याच होतील आणि खर्च एकरी १,०२५ रुपये पडेल. पैशाचे गणित मोठा गट मागते आणि किडीचे गणित लहान गट मागते.

फडाची युक्ती

या पेचावर उत्तर आपल्याच मातीत आहे. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवर शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागली जाई. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, निरनिराळ्या फडांत निरनिराळी पिके, आणि पाणी देण्याचे काम जमीनमालकाने नव्हे तर गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने करायचे. त्यामुळे सर्वांना एकाच दिवशी पाणी लागत नसे आणि बाऱ्यावरून तंटा होत नसे.

ड्रोनचा गटही असाच बांधावा. सभासद निवडताना एकाच पिकाचे पंचवीस जण न घेता पिकांचे 'फड' पाडावेत. उदाहरणार्थ, ८० एकर खरीप सोयाबीन व त्याच जमिनीवर रब्बी हरभरा, ८० एकर तूर आणि ८० एकर ऊस. सोयाबीनच्या तीन, हरभऱ्याच्या दोन, तुरीच्या तीन आणि उसाच्या तीन फेऱ्या धरल्या तर अकरा निरनिराळ्या खिडक्या मिळतात. अकरा गुणिले ८० म्हणजे ८८० एकर-फवारण्या. उरलेल्या १२० शेजारच्या गावांत, आपली खिडकी नसताना, भाड्याने करता येतात. अशा रीतीने तोच ड्रोन, तोच खर्च आणि वेळेवर फवारणी यांची सांगड बसते. प्रत्यक्षात दोन फडांच्या खिडक्या कधी एकमेकींवर येतील. म्हणून शंभर टक्के क्षमता कधीही धरू नये.

यंत्राचे पोट भरण्यासाठी फवारणी नको

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वरच्या गणितात 'वर्षाला चार फवारण्या' हे आपण गृहीत धरले. एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे गृहीतक धोक्याचे आहे. फवारणी किती कराव्यात हे आर्थिक नुकसानीच्या पातळीवरून ठरते, बँकेच्या हप्त्यावरून नव्हे. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री सरासरी आठ पतंग सापडले तर उपाय योजावा, ही शिफारस आहे. सापळ्यात तीनच पतंग असताना 'ड्रोन रिकामा उभा आहे' म्हणून केलेली फवारणी पैसे वाया घालवते, मित्रकीटक मारते आणि प्रतिकारक्षम किडीला वाट मोकळी करून देते. पुढच्या वर्षी मग फवारण्या खरोखरच वाढतात.

गटाने एकरी एकच दर, समजा ६०० रुपये, ठेवला तर हा दबाव आपोआप निर्माण होतो. कीड कमी आलेल्या चांगल्या वर्षी फवारण्या घटतात, गटाचे उत्पन्न घटते, हप्ता थकतो आणि समिती सभासदांना 'एक फवारणी करूनच टाका' असा आग्रह धरू लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे सुवर्ण वर्ष, ते गटाच्या दृष्टीने तोट्याचे वर्ष ठरते. ही रचनाच चुकीची आहे.

ज्या देशांत हौशी वैमानिक पाच-सहा जण मिळून एक लहान विमान बाळगतात, तेथे यावर सोपा उपाय रूढ आहे. विमा, जागा, वार्षिक तपासणी हा स्थिर खर्च सर्व भागीदार दरमहा सारखा भरतात, कोणी उडो वा न उडो. इंधन आणि इंजिनची झीज उड्डाणाच्या तासाप्रमाणे द्यायची. अशा लहान विमानांच्या अनेक इंजिनांसाठी दोन हजार तासांनंतर संपूर्ण उघडून नवे करण्याची शिफारस असते. म्हणून प्रत्येक तासामागे ठरावीक रक्कम बाजूला टाकली जाते आणि वेळ आली की पैसा तयार असतो.

आपल्या गटानेही द्विस्तरीय दर ठेवावा. वरच्या उदाहरणात दोन लाख स्थिर खर्च २५० एकरांवर वाटला तर नोंदवलेल्या एकरी वर्षाला ८०० रुपये होतात. दहा एकरांच्या सभासदाचे ८,०००. हे हंगामापूर्वी भरायचे. मग प्रत्येक एकर-फवारणीला ४०० रुपये. चार फवारण्यांना त्याचे २४,००० रुपये होतात, भाड्याच्या ड्रोनइतकेच. तीनच कराव्या लागल्या तर २०,०००. भाड्याने १८,००० लागले असते. पाच लागल्या तर २८,०००, भाड्याने ३०,०००. म्हणजे नुसत्या पैशात मालकीचा लाभ फार मोठा नाही, हे सभासदांना आधीच सांगावे. मालकीचा खरा लाभ हा की नेमक्या त्या पाच दिवसांत ड्रोन आपला असतो, आणि फवारणी टाळली तर आपले ४०० रुपये वाचतात, कोणाचे बुडत नाहीत. ज्या गावात भाड्याचा ड्रोन खात्रीने वेळेवर मिळतो, त्या गावाने ड्रोन विकत घेऊ नये, हाही योग्य सल्ला ठरू शकतो.

बॅटरीचे एकरी १७० रुपये वेगळ्या खात्यात जमा करावेत. बॅटरी संपते तेव्हा ती एकदम संपते. तसेच अनुदान मिळाले म्हणून घसारा कमी धरू नये. अनुदानाने आजचे कर्ज हलके होते. पाच वर्षांनी दुसरा ड्रोन घेताना तेच अनुदान असेलच असे नाही.

टाकी धुणार कोण?

सीमाभागातील एका गटात घडलेला प्रसंग येथे नमूद करणे आवश्यक वाटते. सायंकाळी एका सभासदाच्या उसात २,४-डी तणनाशक मारले गेले. अंधार पडला, टाकी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच टाकीतून शेजारच्या सभासदाच्या कपाशीवर कीटकनाशक गेले. आठवड्याभरात कपाशीची पाने आकसून बोटांसारखी लांबट झाली. पाहणीसाठी बोलावणे आले तेव्हा किडीचा वा रोगाचा काहीही संबंध नव्हता. पायलट म्हणाला, धुणे मदतनिसाचे काम; मदतनीस म्हणाला, सांगितले नाही; अध्यक्ष म्हणाले, नियम केलेला नाही. किवण म्हणतात ते हेच. नुकसानीची भरपाई कोणी करायची, यावर गटाच्या तीन बैठका झाल्या आणि चौथ्या बैठकीला निम्मे सभासद आलेच नाहीत.

ड्रोनमध्ये ही काळजी पाठीवरच्या पंपापेक्षा अधिक लागते. हातपंपाने एकरी सुमारे २०० लिटर पाणी वापरले जाते, ड्रोनने सुमारे १०. औषधाची एकरी मात्रा तीच राहते, म्हणून द्रावण सुमारे वीस पट तीव्र होते. थेंबही बारीक असतात. वाऱ्यावर वाहून गेलेल्या अशा थोड्या थेंबांनीही मोठी हानी होऊ शकते. रामनगर, कोलार भागात तुतीच्या बागा गावोगावी आहेत. मराठवाड्यात बीड, जालना जिल्ह्यांतही रेशीम शेती वाढली आहे. तुतीच्या पानावर बसलेला कीटकनाशकाचा अंश रेशीम अळीची संपूर्ण तुकडी संपवू शकतो. मधमाश्यांचेही तसेच. तूर, सूर्यफूल, कांदा बियाणे यांच्या फुलोऱ्यात सकाळच्या वेळी मधमाश्या पिकात असतात; अशा पिकात फवारणी अटळ असेल तर ती सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर करावी.

म्हणून गटाच्या उपविधीत पुढील बाबी लेखी असाव्यात:

१. तणनाशकासाठी शक्यतो स्वतंत्र टाकी व नळ्या ठेवाव्यात. ते शक्य नसेल तर तणनाशकानंतर तीन वेळा धुऊन, वहीत वेळ लिहून पायलटने सही केल्याशिवाय ड्रोन पुढच्या शेतात नेऊ नये. धुतलेले पाणी ओढ्यात, विहिरीजवळ सोडू नये.

२. ड्रोनने फवारण्यास मान्यता असलेलेच कीटकनाशक, लेबलवरील मात्रेतच वापरावे. केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची प्रमाण कार्यपद्धती प्रसिद्ध केली आणि एप्रिल २०२३ मध्ये पीकनिहाय कार्यपद्धतीही आणल्या. त्यांची मराठी टिपणे गटाच्या कार्यालयात असावीत.

३. फवारणीच्या किमान २४ तास आधी ग्रामपंचायत, शेजारी, मधपाळ आणि तुती बागायतदार यांना कळवावे. वाऱ्याचा वेग मोजल्याशिवाय उड्डाण करू नये.

४. पाळी कोणाची, हे भागभांडवलावरून किंवा पदावरून ठरू नये. सापळ्यातील पतंग आणि झाडावरील अळ्या यांची नोंद पाहून, जेथे नुकसानीची पातळी आधी ओलांडली तेथे ड्रोन आधी जावा. दोन शेतांची स्थिती सारखी असल्यास मागील खेपेस जो शेवटी होता तो या खेपेस पहिला.

५. किमान दोन प्रमाणपत्रधारक पायलट असावेत. एक आजारी पडला म्हणून खिडकी हुकू नये.

६. त्रयस्थ विम्याखेरीज ड्रोनच्या स्वतःच्या नुकसानीचाही विमा घ्यावा. वाहून गेलेल्या फवाऱ्याने शेजाऱ्याचे पीक, रेशीम किंवा मधमाश्या गेल्यास ते विम्यात येते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. विम्यात न येणारा हिस्सा कोण भरणार, हे अपघातापूर्वी ठरलेले असावे.

७. सभासद बाहेर पडला, जमीन विकली किंवा निधन झाले तर त्याच्या भागाची किंमत कशी काढायची याचे सूत्र ठरवावे. मूळ रक्कम वजा त्या वर्षापर्यंतचा घसारा, हे सोपे सूत्र बहुतेकांना पटते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कृषी सहाय्यक आणि कृषी विज्ञान केंद्रातील सहकाऱ्यांनी गटाला ड्रोनचे प्रात्यक्षिक दाखवण्यापूर्वी तीन कागद भरून घ्यावेत. पहिला, सभासदांचे पीकनिहाय क्षेत्र आणि प्रत्येक पिकातील फवारणीचे संभाव्य आठवडे; त्यावरून खिडक्या आणि टक्कर दिसते. दुसरा, मागील तीन वर्षांत प्रत्यक्षात किती फवारण्या झाल्या आणि त्यांतल्या किती नुकसानीची पातळी पाहून झाल्या. तिसरा, वर दिलेले गणित स्थानिक दरांनी. या तीन कागदांनंतरही गटाचा उत्साह टिकला तर पुढे जावे.

ड्रोनचा उपयोग केवळ विषारी औषधांपुरता मर्यादित समजू नये. विद्राव्य खतांची फवारणी, मेटारायझियमसारख्या उपयुक्त बुरशी, घाटेअळीचा विषाणू यांसाठीही तो वापरता येतो. मात्र या जैविक घटकांसाठी टाकी रासायनिक अंशापासून पूर्ण मुक्त असावी लागते. युरोपात मक्याच्या शेतात ट्रायकोग्रामा हा परोपजीवी मित्रकीटक ड्रोनमधून सोडला जातो. आपल्याकडेही हा मार्ग वाढला तर ड्रोनचे वापराचे दिवस वाढतील आणि विष मात्र वाढणार नाही.

समारोप

आपल्या खेड्यांना सामायिक साधने नवी नाहीत. इर्जिकेत बैल एकत्र आले, सावडीत माणसे एकत्र आली, फडात पाणी एकत्र आले. ही व्यवस्था टिकली तेथे प्रत्येकाचे काम नेमलेले होते आणि पाळी सर्वांना ठाऊक होती. सामायिक ड्रोनचा खर्च रुपयांत मोजता येतो. त्याचा लाभ मात्र वेळेवर झालेल्या फवारणीत, टाळलेल्या फवारणीत आणि औषधाच्या संपर्कातून वाचलेल्या मजुराच्या श्वासात असतो. गटाने ड्रोन घेण्याचा ठराव ज्या बैठकीत करावा, त्याच बैठकीत टाकी धुण्याची वहीही विकत घ्यावी.